मुलगी ऐकतच नाही, तर चित्रपुस्तक वाचायचं कुणासाठी?

पुण्यातल्या नऱ्ह्यात राहणाऱ्या एका आईने विचारलंय: "मुलगी सव्वादोन वर्षांची आहे. हौसेने बारा चित्रपुस्तकं आणली. मी वाचायला बसले की ती दोन ओळीसुद्धा ऐकत नाही. पानं पुढे-मागे करते, कोपरे चावते आणि रोज तेच एक पुस्तक घेऊन येते. सासरे म्हणतात, त्यापेक्षा अंकलिपी आणा, निदान अक्षरं तरी येतील. नवरा म्हणतो, मोबाइलवरच्या गाण्यांतून ती जास्त शिकते. त्यात पुस्तकं मराठी घ्यावीत की इंग्रजी हाही प्रश्न आहे, शाळा तर इंग्रजीच असणार. चित्रपुस्तकांनी खरंच काही होतं का, की हे नुसतं फॅड आहे?"

सिंहगड रस्त्यावर मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवते. दर शनिवारी पालकांसाठी पुस्तकांची पेटी उघडते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून दहा वेळा तरी येतो. शब्द वेगळे असतात, तक्रार हीच असते.

तुमची लेक ऐकत नाही, कारण ती बघतेय. आपण मोठी माणसं पुस्तक उघडलं की अक्षरांकडे धावतो आणि चित्रावर जाता जाता नजर टाकतो. मुलांचं नेमकं उलट. २००५ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी, आई गोष्ट वाचून दाखवत असताना मुलांची नजर पानावर कुठे फिरते हे यंत्राने टिपलं. ती मुलं चार-पाच वर्षांची होती, तरी नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर होती. अक्षरांकडे अगदी क्वचित. तुमची तर त्यांच्या निम्म्या वयाची आहे.

आमच्या पेटीत एक जुनं पुस्तक आहे, त्यात मंडईचं दोन पानं भरून चित्र आहे. मी ते सहा-सात वर्षं वाचून दाखवत होते. एकदा पावणेतीन वर्षांच्या एका मुलाने माझ्या हातावर चापट मारली आणि मला पान उलटू दिलं नाही. "माऊ," म्हणाला. मी म्हटलं, इथे कुठे माऊ, ही बघ भेंडी, हे बघ टोमॅटो. तो हट्टाला पेटला. बघते तर भाजीवालीच्या पोत्याआडून शेपटीचं टोक बाहेर आलेलं, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. मग त्याने स्वतःच आधीचं पान काढलं. तिथे तीच करडी मांजर भिंतीवरून चालली होती. पुन्हा पुढचं पान, पुन्हा शेपटी. दोन-तीनदा असं करून खात्री पटली, तेव्हा माझ्याकडे बघून हसला.

आता यात काय काय झालं ते मोजा. शेपटीवरून अख्खी मांजर ओळखली. या पानावरची आणि त्या पानावरची मांजर एकच, हे ताडलं. ती चालत इकडून तिकडे गेली असणार, म्हणजे मधे वेळ गेला, हे त्याला कळलं. आणि आपल्याला सापडलेलं समोरच्यालाही दिसलं पाहिजे म्हणून मला तिथे ओढून नेलं. हे सगळं पानं पुढे-मागे करण्यातून झालं. त्याच्या आईची माझ्याकडे तक्रारही तीच होती बरं का, "नुसती पानं उलटत बसतो."

सासऱ्यांचं म्हणणं लगेच उडवून लावू नका. त्यांच्या पिढीला अंकलिपीनेच वाचायला शिकवलंय, आणि अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांतून नातीसाठी ती घेऊन येण्यात माया आहे. आणू द्या. फक्त ती चित्रपुस्तकाची जागा घेऊ शकत नाही, कारण तिच्यात काही घडत नाही. अननस एका चौकटीत बसलेला असतो, आई शेजारच्या चौकटीत. आईने अननस कापला, हात चिकट झाले, मुंग्या आल्या, असं काही होत नाही. अक्षर ओळखण्याच्या आधी मुलाला एक मोठी गोष्ट कळावी लागते: कागदावरची खूण म्हणजे खरी वस्तू नव्हे, पण ती त्या वस्तूबद्दल सांगते. ही समज जन्मजात नसते. ज्युडी डिलोश या अमेरिकी संशोधिकेने १९९८ मध्ये दाखवलं की नऊ महिन्यांची बाळं चित्रातली बाटली कागदावरून उचलायला बघतात, बोटांनी खरवडतात. दीड वर्षाच्या पुढे गेली की तेच मूल चित्राला पकडायचं सोडून त्याच्याकडे बोट दाखवतं. तुमची लेक ही पायरी कधीच चढून गेली आहे. पुढे 'क' हे चिन्ह एका आवाजाबद्दल सांगतं हे कळायला हीच समज कामाला येते. घाई कशाला?

आता मुख्य मुद्दा. चित्राचा मोठा गुण हा की ते थांबतं. मोबाइलवरचं माकड उडी मारून निघून जातं, मुलाचं तोंड उघडेपर्यंत पुढचा हत्ती आलेला असतो. पुस्तकातलं माकड मात्र तिथेच फांदीला लटकून असतं, तुमची लेक बोलेपर्यंत. त्या थांबण्यात बोलायला जागा मिळते, आणि भाषा त्या जागेत वाढते. म्हणून मी पालकांना सांगते की वाचू नका, पुस्तक मधे ठेवून गप्पा मारा. म्हणजे काय, ते लिहून दाखवते. पायरीवर काळा कुत्रा झोपलाय, असं चित्र आहे समजा.

मूल म्हणतं, "भूभू."
तुम्ही म्हणता, "हो, भूभू! काळा भूभू." आणि गप्प बसता.
मूल चित्राकडे बघतं, तुमच्याकडे बघतं. "जोजो."
"हो गं, भूभू झोपलाय. कुठे झोपलाय?"
पुन्हा गप्प. मनात दहापर्यंत आकडे मोजा, अगदी सावकाश. पालकांना सगळ्यात जड जातं ते हेच. तीन म्हणेपर्यंत आई स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते.
आठव्या-नवव्या आकड्याला मूल बोट ठेवतं, "इते."
"बरोबर, इथे, पायरीवर झोपलाय. आपल्या सोसायटीतला मोती झोपतो ना, तसा."

तिचा एक शब्द होता, तुम्ही त्याचे तीन करून परत दिले. तिने "इते" म्हटलं, तुम्ही "पायरीवर" दिलं. उद्या ती "पाईवर" म्हणेल. दुरुस्ती करायची नाही, योग्य रूप फक्त आपल्या तोंडून पुन्हा येऊ द्यायचं. मूल "पल्लं" म्हणालं तर "हो, पडलं" एवढंच. "मी करलं" हे तर मराठी मुलांचं हमखास रूप. "मारलं", "धरलं", "भरलं" ऐकून त्यांनी स्वतः नियम काढलेला असतो, आणि नियम अचूक असतो, भाषाच वाकडी आहे. "हो, तूच केलंस," असं म्हटलं की काम झालं.

या पद्धतीवर ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये न्यूयॉर्क राज्यात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन-अडीच वर्षांची मुलं असलेल्या घरांचे दोन गट केले. पुस्तकं दोन्हीकडे वाचली जात होती. एका गटातल्या पालकांना फक्त एवढंच शिकवलं होतं: मोकळे प्रश्न विचारा, मूल बोलेल त्यात थोडी भर घाला, त्याला बोलतं ठेवा. चार आठवड्यांत त्या गटातली मुलं बोलण्यात दुसऱ्या गटाच्या काही महिने पुढे गेली.

पण इथे एक खड्डा आहे, आणि त्यात मी स्वतः पडलेली आहे. माझा मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा मी नुकतंच बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं होतं. उत्साह ओसंडून वाहत होता. दर पानावर, "हे काय? कोणता रंग? किती फुगे? मोठा कोणता?" चौथ्या दिवशी त्याने पुस्तक माझ्या बोटांवर मिटलं आणि स्वयंपाकघरात आजीकडे जाऊन बसला. त्यानंतर महिनाभर पुस्तकाला हात लावला नाही. प्रश्न विचारणं वेगळं आणि तोंडी परीक्षा घेणं वेगळं. ओळखायची खूण सोपी आहे: उत्तर तुम्हाला आधीच माहीत असेल आणि तरीही एकामागून एक विचारत असाल, तर ती परीक्षा. "अरेच्चा, हा का रडतोय?" याचं उत्तर तुम्हालाही माहीत नसतं. आणि तीन वाक्यं आपण बोलल्यावर एखादा प्रश्न, एवढं प्रमाण पुरे.

शब्दांचंही थोडं सांगते. घरात आपण मुलांशी जे बोलतो ते बहुतेक हुकूम असतात: चल, ये, खा, नको, हात धू. ते लागतातच. पण अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये "पागोळ्या" हा शब्द कसा येणार? ढोली, वळचण, डबकं, बीळ, ओसरी, कणगी, शेपटी झुपकेदार असणं, कुणी दबकत येणं, कुणी टकमक बघणं, हे सगळं पुस्तकातून येतं. अमेरिकेत २०१५ साली शंभर चित्रपुस्तकांतली भाषा आणि मुलांशी होणारं रोजचं बोलणं शेजारी ठेवून तपासलं, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या स्पष्टपणे जास्त निघाली. मराठीत असं कुणी मोजलं तर फरक कदाचित आणखी मोठा निघेल, कारण पुण्यातल्या घरांत आता मुलांशी एक तिसरीच भाषा चालते. "शूज वेअर कर." "बेबी, मँगो ईट करायचाय ना?" मी हे दारात उभी राहून रोज ऐकते. यात नाम इंग्रजी, क्रियापद इंग्रजी, मराठीच्या वाट्याला उरतं फक्त "कर". मुलाला ना धड "घाल", "नेस", "लाव", "माळ" यांतला फरक कळत, ना इंग्रजीचं वाक्य मिळत.

म्हणून मराठी की इंग्रजी याचं माझं उत्तर सरळ आहे. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं आणि थापा मारता येतात, त्या भाषेत. तुमचं पत्र वाचून ती मराठी वाटते. इंग्रजी पुस्तक सुंदर असेल तर जरूर घ्या आणि चित्रं बघून मराठीत सांगा. मूल काही ओळी तपासून बघणार नाही. भाषेचा पाया एकीत पक्का झाला की दुसरी त्याच्यावर उभी राहते. शाळेत गेल्यावर इंग्रजी शिकेलच, त्याची काळजी शाळा करते, कधीकधी जरा जास्तच.

तेच ते पुस्तक आणते, याचा तुम्हाला कंटाळा येणारच. मलाही येतो. पण तिला अडवू नका. जेसिका हॉर्स्ट यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर हे तपासलं. काही मुलांनी नवे शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकले, काहींनी तेच शब्द एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकून. एकच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या शब्द जास्त लक्षात राहिले. साहजिक आहे. पहिल्यांदा मूल "कोण आहे" एवढंच बघतं, चौथ्यांदा "काय करतंय", दहाव्यांदा "का". पंधराव्या वेळी ते तुमच्या आधी पुढचं वाक्य म्हणून टाकतं, त्या वेळी मुद्दाम वाक्य अर्धं सोडा. "आणि मग दार उघडलं तर..." पुढचं तिला म्हणू दे. वाचनाची पहिली चव ती.

तीन-साडेतीनच्या पुढे आणखी एक गंमत सुरू होते. पुस्तकात ससा गाजर खातोय आणि झाडामागे कोल्हा उभा आहे. अडीच वर्षांचं मूल म्हणतं, "ससा. कोल्हा." चार वर्षांचं मूल ओरडतं, "अरे मागे बघ, मागे!" मला कोल्हा दिसतोय पण सशाला दिसत नाहीये, हे त्याला आता कळलेलं असतं. दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास घट्ट होते. मैत्री, खोड्या, सॉरी म्हणणं, खोटं बोलणंसुद्धा, सगळं तिच्यावर चालतं. तुमच्याकडे त्याला अजून वेळ आहे, पण "बाळाला कसं वाटत असेल?" असं आत्तापासून सहज बोलत राहायला हरकत नाही.

तुमच्या यजमानांना मोबाइलबद्दल एक प्रयोग सांगा. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काहींसमोर जिवंत माणूस पुस्तकं आणि खेळणी घेऊन बसला, काहींना तेच पडद्यावर दाखवलं. माणसासमोर बसलेली बाळं चिनीतले आवाज वेगळे ओळखायला शिकली, पडद्यासमोरची शिकली नाहीत. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचाही सल्ला असा आहे की दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते पाच या वयात दिवसाला जास्तीत जास्त एक तास. आणि गाणी हवीतच, पण ती बाबांच्या तोंडून. ते हिंजवडीहून नऊला येत असतील तर रात्रीचं पुस्तक त्यांचं ठेवा. बाबा लोक आवाज फार छान काढतात, त्यांना फक्त कुणी बघत नाहीये याची खात्री लागते.

वाचता येत नसेल तरी हे जमतं. आमच्याकडे एका मुलाला न्यायला त्याची आजी यायची, चार घरची धुणीभांडी करून. मी पुस्तक पुढे केलं तर म्हणाली, "बाई, मला कुठं येतंय वाचाया?" मी तिला एकही शब्द नसलेलं पुस्तक दिलं, नदीचं. आजी पायरीवर बसली आणि नातवाला त्या नदीत आपल्या गावची नदी सांगायला लागली. पूर कसा आला, म्हैस कशी वाहून चालली होती, तिच्या शेपटीला धरून कोण पोहलं. अर्धा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला. पुस्तकात म्हैस नव्हतीच. पुढच्या शनिवारी तीन मुलांनी "म्हशीचं पुस्तक" मागितलं.

एक गोष्ट मात्र पुस्तकावर ढकलू नका. तुमची मुलगी दोन-दोन शब्द जोडते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. "बाबा गेला", "अजून दूध" असं काही बोलत असेल तर निर्धास्त राहा. दीड वर्ष झालं तरी मूल बोट दाखवत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, किंवा दोन वर्षं पूर्ण होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर "आमच्याकडे सगळेच उशिरा बोलले" हे ऐकत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. आमच्या वर्गात एक मुलगी गोष्टीच्या वेळी नेहमी माझ्या मांडीला खेटून बसायची आणि पुस्तकाऐवजी माझ्या ओठांकडे बघायची. मला वाटलं लाडाने बसते. वारंवारच्या सर्दीने कानात पाणी साठलं होतं, हे तीन महिन्यांनी कळलं. उपचार झाले, ऐकू यायला लागलं आणि ती लांब जाऊन बसायला लागली. ते तीन महिने माझ्या खात्यावर आहेत.

नवी पुस्तकं लगेच घेऊ नका, बारा पुष्कळ झाली. त्यातली चार बाहेर ठेवा, बाकीची कपाटात, पंधरा दिवसांनी बदला. ठेवायची जमिनीलगत, मुखपृष्ठ दिसेल अशी. आपल्याकडे पुस्तक म्हणजे सरस्वती म्हणून ते शोकेसच्या काचेमागे, देव्हाऱ्यापेक्षा उंच जातं आणि मुलाला ते दिवाळीत फराळासारखं काढून मिळतं. पुढे घ्यायचीच असतील तर ज्योत्स्ना प्रकाशन, तूलिका, प्रथम बुक्स, नॅशनल बुक ट्रस्ट यांची मराठी चित्रपुस्तकं बघा. ट्रस्टची खिशाला परवडणारी असतात. प्रथमच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं फुकट आहेत, फक्त ती छापून घ्या, फोनवर दाखवू नका. आणि तुमच्या लग्नाचा अल्बम काढा. दोन वर्षांच्या मुलासाठी त्याच्याइतकं रंगतदार पुस्तक मी पाहिलेलं नाही. सगळी पात्रं ओळखीची, सगळे नटलेले, आणि प्रत्येक पानावर "मी कुठे आहे?" हा प्रश्न.

किती वेळ? पाच मिनिटं. ती उठून गेली की संपलं. ओढून बसवू नका.

कोपरे चावण्याचं राहिलं. सव्वादोनला मागच्या दाढा येत असतात, हिरड्या शिवशिवतात. पुठ्ठ्याची पुस्तकं तिच्या हातात द्या, पातळ कागदाची तुमच्या हातात ठेवा. फाटलं तर ओरडू नका. चिकटपट्टी आणा, तिला एक टोक धरायला लावा आणि दोघींनी मिळून चिकटवा. मंडईच्या त्या पुस्तकाला आमच्याकडे आता मुखपृष्ठच नाही आणि मधली पानं चिकटपट्टीने कडक झाली आहेत. शेपटीच्या जागी बोटं लागून लागून कागद पांढरा पडलाय. नवीन मुलांना तिथे काय आहे ते दिसत नाही, जुनी मुलं त्यांना सांगतात.